घाटांतलीं गणितें

मुंबईहून पुण्याकडे नेहमीं जाणाऱ्या मंडळींस बोरघाट कांहीं नवा नाहीं. कर्जत आलें कीं बटाटेवडे घ्यावयाचे, बोगदे लागले कीं मुलांनीं ओरडावयाचें, आणि लोणावळें आलें कीं चिक्कीची पुडी बांधून घ्यावयाची, एवढ्यांत ह्या घाटाची ओळख संपते. माझीही परवांपर्यंत एवढीच होती. गेल्या ज्येष्ठाच्या अखेरीस मात्र हा घाट मी माझ्या पुतणीच्या संगतीनें चढलों, आणि त्या प्रवासांत व पुढल्या चार दिवसांत जें पाहिलें तें लिहून ठेवावें असें वाटलें.

आधीं थोडी घरगुती हकीगत सांगणें भाग आहे. आमचें कुटुंब एकत्र. दादा, वहिनी, त्यांचीं दोन मुलें, आम्ही उभयतां, आमचा मुलगा, आणि सर्वांवर आई. मी तीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालों, तेव्हां दादांच्या धाकट्या मुलीच्या बारावीच्या पदार्थविज्ञानाचा भार माझ्यावर पडला हें ओघानेंच आलें. ती त्याच एका विषयांत नापास झाली. बाकीच्या सर्व विषयांत उत्तम गुण, आणि ज्या विषयाचा शिक्षक घरांत त्याच विषयांत हा प्रकार! दादांनीं मला एका शब्दानें बोल लावला नाहीं, हेंच मला अधिक लागलें. फेरपरीक्षेचा अर्ज भरलेला होता. पण "मी बसणार नाहीं" एवढें एकच वाक्य पोरगी बोले, आणि पुन्हां गप्प होई. दादाही थकून म्हणाले, "नसेल होत तर दुसरी शाखा पाहूं." शेवटीं आईनें तोड काढली. "पाऊस सुरू झाला आहे, लोणावळ्याचें घर एकदां उघडून पाहिलें पाहिजे. मी आणि तूं जाऊं, आणि हिलाही घेऊं. परत आल्यावर काय तें ठरवा."

मीं मनांत निराळाच बेत केला. तिचे गुण नेमके दोन प्रकरणांत गेले होते: एक टकरींचें आणि दुसरें परिवलनाचें. चार दिवसांत हीं दोन प्रकरणें घोटून घ्यावयाचीं असें ठरवून माझी जुनी उदाहरणांची वही मीं पिशवींत घातली. त्या वहींत महत्त्वाचीं वाक्यें तांबड्या शाईनें लिहिलेलीं आहेत, व त्यांतल्या कांहींखालीं तीन तीन रेघा आहेत. तिचा मला मोठा अभिमान असे.

गाडी सुटल्यावर मीं ती वही बाहेर काढतांच पोरीनें तोंड खिडकीकडे फिरविलें. कल्याण गेलें, बदलापूर गेलें, तरी मान वळेना. आई माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "ठेव ती पिशवींत." मीं ठेवली.

कर्जतला बहुतेक गाड्यांस मागून जादा इंजिनें जोडतात. रेल्वेच्या बोलींत त्यांस बँकर म्हणतात. चढावर सारा भार पुढच्या एकट्या इंजिनानें ओढावयाचा म्हटल्यास डब्यांमधल्या सांखळ्यांवर फार ताण येतो. म्हणून कांहीं भार मागून ढकलावयाचा, आणि सांखळी तुटलीच तर मागचे डबे उतारावर सुटूं नयेत हाही त्यांत हेतु. घाईगर्दींत आम्हीं शेवटचाच डबा गांठला होता. मीं नुकताच चहा हातांत घेतला होता, तोंच मागें धडाड् असा आवाज झाला, डबा पुढें हिसकला आणि चहा माझ्या अंगावर आला. गेल्या महिन्याभरांत ती मुलगी प्रथमच हंसली.

"इंजिन फार जोरानें आलें का हो, काका?"

मीं म्हटलें, "जोरानें कसलें! माणूस चालतो त्याहून सावकाश. पण त्याचें वजन सव्वाशें टनांच्या आसपास आहे." मग वहीचें नांव न काढतां, वड्यांच्या कागदाच्या कोरड्या कडेवर मीं आंकडे मांडले. हिशोबाच्या सोयीसाठीं इंजिन १२० टन, सेकंदास १ मीटर वेगानें आलें. गाडी १,०८० टन, उभी. दोन्हीं एकत्र जोडलीं गेलीं. तर जोडलेला सारा लबाजमा किती वेगानें सरकेल?

तिनें पेन्सिल घेतली आणि ०.३२ असें उत्तर काढलें. म्हणजे इंजिनाची गतिज ऊर्जा तिनें सगळ्या गाडीला वांटून दिली होती. वर्गांत हें पाहिलें असतें तर मीं फुली मारून पुढें गेलों असतों. ह्या वेळीं मात्र विचारलें, "मग तो आवाज कुठून आला?" ती थोडा वेळ गप्प बसली. "आवाजांत ऊर्जा गेली. आणि स्प्रिंगा दबल्या त्यांत." "मग ऊर्जा जशीच्या तशी उरली असें धरतां येईल का?" तिनें पहिलें उत्तर खोडलें. वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, तेवढा धरून हिशोब केला: १२० भागिले १,२०० म्हणजे ०.१ मीटर. ऊर्जेचा हिशोबही तिनें आपण होऊन केला. आधीं ६०,००० जूल, नंतर ६,०००. दहांतला नऊ हिस्सा त्या एका धडाक्यांत गेला! "आणि तुमचा चहाही," आई म्हणाली.

येथें मीं समाधानानें वडा उचलला, तर तिचा दुसरा प्रश्न तयार. "पण काका, गाडीचे ब्रेक लागलेले असतील ना? मग संवेग तरी कसा राहील?"

वाचकहो, तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणा विद्यार्थ्यानें विचारला नाहीं, आणि मींही तो कधीं होऊन काढला नाहीं. माझ्या उदाहरणांतले रूळ नेहमीं गुळगुळीत, गाड्या नेहमीं मोकळ्या. मीं कबूल केलें कीं ब्रेक लागलेले असतील तर गाडी कांहीं सरकत नाहीं. रूळ तिला धरून ठेवतात, व इंजिनाचा संवेग चाकांवाटे रुळांत आणि रुळांवाटे पृथ्वींत जातो. पृथ्वी एवढी मोठी कीं तिला पत्ता लागत नाहीं. "म्हणजे संवेग अक्षय्य राहतो तो बाहेरून कोणी धरलें नसेल तरच," ती म्हणाली. माझ्या वहींत हेंच वाक्य तांबड्या शाईनें लिहिलेलें होतें आणि तिला तें पाठही होतें.

पळसदरी मागें पडली आणि चढ लागला. ह्या घाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढ, कोठें कोठें सदतीस फुटांस एक फूट, आणि वाटेंत पंचवीस बोगदे. हजारों मजूर येथें राबले आणि पटकी-तापानें कित्येकांनीं येथेंच देह ठेवला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं येथें आल्यावर थोडक्याच दिवसांत आजारानें वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें ठेका सोडला नाहीं, जाणते इंजिनिअर हाताशीं धरून तें काम पुढें नेलें. पूर्वीं खंडाळ्याच्या खालीं एका टोकावर गाडी थांबवून इंजिन एका बाजूचें सोडून दुसऱ्या बाजूस जोडावें लागे आणि गाडी उलट तोंडानें निघे. १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर ती खटपट संपली.

ठाकुरवाडीच्या अलीकडे आमची गाडी बरीच मंदावली. पावसाची धार खिडकीवर, समोरच्या कड्यावरून पांढरे ओहोळ, आणि ढग इतके खालीं कीं दरी आहे कीं नाहीं कळूं नये. पोरीनें माझ्या खिशांतलीं दोन सारखीं नाणीं घेऊन पुठ्ठ्यावर एकावर दुसरें टिचकीनें मारावयास सुरुवात केली होती. मारलेलें नाणें जागच्या जागीं थांबे, आणि उभें होतें तें निघून जाई. "सूत्रांतून येतें हें ठाऊक आहे, पण असें कां?" तिनें विचारलें.

तेव्हां मला हायगेन्सची नाव आठवली. सतराव्या शतकांत हा प्रश्न मोठमोठ्यांस पडलेला होता. फ्रान्सचा देकार्त हा केवढा बुद्धिमान. पण त्यानें १६४४ सालीं छापलेल्या टकरींच्या नियमांपैकीं एक असा होता कीं लहान वस्तु उभ्या असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली तर मोठी हालणारच नाहीं, आणि लहान तितक्याच वेगानें परत फिरेल. हें ऐकून पुतणी म्हणाली, "म्हणजे तेही नापास." मीं म्हटलें, "त्या प्रश्नांत, होय." हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सनें मात्र सूत्राच्या आधीं एक चित्र मनांत आणलें. त्याच्या देशांत कालवे पुष्कळ. कालव्यांतून एक नाव संथपणें चालली आहे, तींत एक मनुष्य दोन सारखे गोळे एकमेकांवर सारख्याच वेगानें आपटतो. दोन्ही बाजू सारख्या, तेव्हां दोन्ही गोळे तितक्याच वेगानें मागें फिरतील. ह्यांत कोणाचा पक्षपात व्हावयास कारणच नाहीं. आतां नावेचा वेग गोळ्याच्या वेगाइतकाच असेल, तर कांठावर उभ्या असलेल्या मनुष्यास काय दिसेल?

मीं येथें थांबलों. बाहेर एक गँगमन रेनकोट घालून रुळांच्या कडेला उभा होता. तिची नजर त्याच्यावर गेली. "तो कांठावरचा," ती म्हणाली, आणि मग बोटांवर मोजीत, "गाडीबरोबर पुढें जाणारा गोळा त्याला दुप्पट वेगानें जातांना दिसेल. उलट येणारा त्याला उभाच दिसेल. आपटल्यावर... पहिला उभा राहील आणि दुसरा दुप्पट वेगानें जाईल!" तिनें पुठ्ठ्यावरचें नाणें पुन्हां एकदां मारून पाहिलें. ती जणूं स्वतःच हायगेन्स होती. त्यानें हे विचार जुळविले त्या काळीं तो तिशीच्या आंतबाहेर असावा. ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर १७०३ सालीं छापला गेला. बोगदा आला, दिवे लागले, आणि आई म्हणाली, "नाणीं परत कर त्याचीं, रिक्षाला लागतील."

लोणावळ्याचें आमचें घर जुनें, कौलारू. मागें विहीर आणि तीवर लांकडी रहाट. एरव्हीं पंप आहे, पण पावसांत वीज जाते आणि रहाटावांचून गति नसते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेंच झालें. रिकामी बादली ती मोकळी सोडी, रहाट फिरत फिरत ती सावकाश खालीं जाई. एकदां मात्र भरलेली बादली वर आली असतां ओला दोर तिच्या हातांतून निसटला. रहाट असा गरगरला कीं आई "हात काढ!" म्हणून ओरडली. दोर जळतो कीं काय असें वाटलें, आणि खालीं मोठा आवाज झाला. हात वांचला, देवाची कृपा. पोरगी पांढरी पडली होती, पण दोन मिनिटांनीं म्हणते, "काका, रिकामी बादली इतकी धांवली नव्हती. सगळ्या वस्तु सारख्याच वेगानें पडतात ना?"

परीक्षेंत असेंच उदाहरण आलें होतें, आणि रहाटाची त्रिज्या दिलेली नाहीं म्हणून तिनें तें सोडून दिलें होतें. आम्ही ओट्यावर बसून तें सोडविलें. पडणाऱ्या बादलीस स्वतःला तर वेग घ्यावयाचाच, पण रहाटालाही फिरवावयाचें. रहाटाच्या ओंडक्याचा कडेचा भाग दोराइतका धांवतो, आंसाजवळचा जवळजवळ स्वस्थ असतो. सर्वांचा मेळ घातला तर भरीव ओंडका वजनाच्या निम्मा जणूं दोरालाच बांधला आहे असा हिशोब होतो. ओंडका १२ किलोंचा धरला, तर ६ किलो. रिकामी बादली २ किलो: दोन भागिले आठ, म्हणजे मोकळ्या पडण्याच्या पावपट त्वरण. भरलेली १२ किलो: बारा भागिले अठरा, म्हणजे दोनतृतीयांश. त्रिज्या कोठें गेली म्हणून ती शोधीत राहिली. मोठ्या रहाटाला फिरविणें जड, पण तेथें दोराचा जोरही आंसापासून लांब लागतो. दोहोंचा परस्पर हिशोब फिटतो. तिनें कागद दोनदां तपासला, मग म्हणाली, "दिलेलीच नव्हती, कारण नकोच होती." ह्या वाक्यांत जो राग होता तो प्रश्न काढणाऱ्यावर नव्हता.

दुपारीं पाऊस इतका कीं कॅरम काढला. सोंगट्या पांच ग्रॅमांच्या, स्ट्रायकर पंधरांचा. समोरासमोर बसला तर स्ट्रायकरचा निम्मा वेग उरतो आणि सोंगटी दीडपट वेगानें जाते, हें तिनें मला डाव हरवितां हरवितां सांगितलें. एकट्या मोकळ्या सोंगटीवर आपटून स्ट्रायकर मागें कां येत नाहीं, हेंही. त्याबद्दल अधिक लिहीत नाहीं, मी हरलों.

ज्या प्रश्नानें तिचे सर्वांत अधिक गुण नेले, तो मात्र मुद्दाम सांगण्याजोगा आहे. बिजागरीवर फिरणाऱ्या पट्टीवर चिकणमातीचा गोळा आदळून चिकटतो. पट्टी किती वेगानें फिरेल? तिनें रेल्वेप्रमाणें साधा संवेग वांटला होता. येथें तो चालत नाहीं, असें माझ्या वहींत तीन रेघा मारून लिहिलेलें आहे. कां चालत नाहीं, हें तिला समजलें नव्हतें, आणि मीं समजाविलें नव्हतें. अंगणांत लाल चिखल होता, आणि माजघराचें सागवानी दार होतें, एकाच पल्ल्याचें. बिजागऱ्या जुन्या व सैल. मीं धोतर खोंचलें.

पहिला गोळा तिनें कडेजवळ मारला. दार फिरलें आणि बिजागऱ्या खडखडल्या. दुसरा बिजागरीजवळ मारला. दार जेमतेम हाललें, पण बिजागऱ्या पुन्हां खडखडल्या. "बिजागरी दाराला धरते आहे. म्हणजे ब्रेक लागलेली गाडी!" तिनें कर्जत येथें आणून उभें केलें, हें माझ्या ध्यानीं यावयास क्षणभर लागला. बाहेरून बिजागरीचा जोर लागतो, म्हणून साधा संवेग उरत नाहीं. पण तो जोर बिजागरीपाशींच लागत असल्यामुळें तिच्याभोंवतीं दार फिरवूं शकत नाहीं, आणि म्हणून बिजागरीभोंवतींचा कोनीय संवेग अबाधित राहतो. आंकडे घातले: दार ३० किलो, रुंदी १ मीटर, तेव्हां त्याचें जडत्व-आघूर्ण एकतृतीयांशाच्या नियमानें १०. अर्धा किलो चिखल, सेकंदास १० मीटर वेगानें, कडेवर. पांच भागिले साडेदहा, म्हणजे सुमारें ०.४८ रेडियन. हाच गोळा मधोमध लागला तर जवळजवळ निम्मा.

मग ती मधल्या जागा धुंडूं लागली. मध्यापलीकडे, कडेच्या अलीकडे, एका ठिकाणीं गोळा बसला तो नुसता थप्प असा. बिजागऱ्या जवळजवळ मुक्याच राहिल्या. पुन्हां मारला, पुन्हां तसेंच. टेपानें मोजलें तर ती जागा बिजागरीपासून रुंदीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास. त्या जागीं आघात झाला असतां सांध्यावर धक्का येत नाहीं, हें शास्त्रांत सिद्ध आहे. हातोडा, कुऱ्हाड, क्रिकेटची बॅट यांतही असेंच एक ठिकाण असतें. मी हें सांगत असतांनाच आई आंतून आली. दाराची दशा पाहून ती म्हणाली, "चिखल फेकण्यासाठीं का तीस वर्षें शिकविलेंस?" आणि मग काय वाद आहे तें ऐकून घेऊन तिनें जमिनीकडे बोट दाखविलें. दार उघडतांना भिंतीवर आपटूं नये म्हणून वडिलांनीं तेथें एक दगड पुरलेला आहे. "आधीं तो बिजागरीजवळ होता. दर पावसाळ्यांत बिजागऱ्या ढिल्या होत. मग सुतारानें सांगितलें म्हणून पुढें सरकविला; तेव्हांपासून खिळे उपटले नाहींत."

पोरीनें टेप लावला. ६५ सेंटिमीटर. वडील कचेरींत कारकून होते. त्यांस हें गणित ठाऊक नव्हतें. त्या दगडाला ठेंचाळत मी लहानाचा मोठा झालों. रात्रीं आईनें तिला जात्याचा खुंटा कडेला कां असतो हें विचारलें आणि तिनें सांगितलें. मला त्यांत घेतलें नाहीं.

चौथ्या दिवशीं दादा तिला न्यावयास आले. कौलें शाकारावयाचीं असल्यामुळें आई व मी मागें राहिलों. जातांना दादांनीं मला एकीकडे घेऊन विचारलें, "बसेल का?" मीं म्हटलें, "विचारलें नाहीं." तें खरेंच होतें. पुढें ती बसली. निकाल अजून लागावयाचा आहे.

त्या रात्रीं फोनवर तिचा निरोप आला. घाट उतरतांना गाडी मध्येंच थांबली तेव्हां तिला बाजूस चढत जाणारे आडवाटेचे रूळ दिसले होते. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर ती त्या चढावर घालून थांबवितात. सांधे नेहमीं तिकडेच वळविलेले असतात, आणि गाडी थांबून ताब्यांत आहे असें दिसल्यावरच मुख्य वाट मोकळी करतात. तिनें लिहिलें होतें: "काका, गाडी ताशीं ७२ किलोमीटर वेगानें सुटली असेल, तर तो चढ किती उंच हवा?"

सोपें उदाहरण. सेकंदास २० मीटर. विसाचा वर्ग भागिले १९.६. मीं उत्तर धाडलें: घर्षण सोडून दिलें तर २०.४ मीटर.

पाव तासानें पुन्हां निरोप. "चाकें विसरलांत. गाडी नुसती पुढें जात नाहीं, तिचीं चाकें फिरतही असतात, तीही ऊर्जा चढावरच संपली पाहिजे. त्यांच्यासाठीं शेंकडा पांच धरले तर २१.४ होतात."

आई जागी होती. "काय म्हणते?" तिनें विचारलें. मीं पिशवींतून वही काढली, तांबडी पेन्सिल शोधली, आणि २०.४ वर रेघ मारली.